मधला माणूस गेला की

रविवार, रात्री उशिरा

ब्रायटन ह्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचं काही डोक्यातून जाईना. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचा टेक्निकल डायरेक्टर डॅन ॲशवर्थ राजीनामा देऊन न्यूकॅसल ह्या दुसऱ्या क्लबकडं निघाला आणि मी ती बातमी एवढी मनाला लावून घेतली की रूमवरची पोरं म्हणायली, अरे स्ट्रायकर गेला का, नाही, गोलकीपर गेला का, नाही, कोच तरी, तेपण नाही, मग कशाला तोंड पाडून बसलास?

आता त्यांना काय सांगणार. हा माणूस मॅचमध्ये दिसतच नाही. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणत्या पोराला लोनवर, म्हणजे काही काळापुरतं दुसऱ्या क्लबला, पाठवायचं, अकॅडमीतून कोण वर यायलंय, महिला टीमचं कसं चाललंय, फिजिओ-डॉक्टर काय म्हणायलेत आणि उद्या कोचच गेला तर पुढचा कोण, हे सगळं ज्याच्या टेबलावरून जातं तो हा. तो गेला की शनिवारच्या मॅचमध्ये काहीच फरक दिसत नाही, तेच अकरा जण तसेच खेळतात, म्हणून लोकांना वाटतं काय गेलं एवढं.

आज हे सगळं वर आलं कारण आमच्या क्लासचे अकॅडमिकचे सर गेले. लातूरच्या ट्यूशन एरियात राहणाऱ्याला हे नवीन नाही, इथं दरवर्षी रिझल्ट लागला की फिजिक्सचा माणूस ह्या बोर्डवरनं त्या बोर्डवर जातो, फ्लेक्स बदलतात, पोरं-पालक दोन दिवस बोलतात आणि मग मेस आणि रूम शोधायच्या गडबडीत विसरतात. पण सर शिकवायला नव्हतेच. फ्लेक्सवर त्यांचा फोटो कधी लागला नाही. कोणत्या बॅचला कोणता चॅप्टर कधी, रविवारच्या टेस्टमध्ये कुठले प्रश्न, कोणता रिपीटर पोरगा घरी न सांगता रूममध्ये रडायलाय, कोणत्या शिक्षकाचं आणि कोणत्या बॅचचं जमंना, हे सगळं त्यांच्याकडं होतं. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका क्लासनं बाहेरचा पैसा घेऊन मोठी ब्रँच उघडलीय, त्यांनी सरांना इथल्या कितीतरी पट दिलं. सरांच्या दोन्ही लेकी शिकायल्यात, घराचं कर्ज आहे. जावंच त्यांनी. मी हे मनापासून लिहायलोय, जाणाऱ्या माणसाला गद्दार म्हणायची आपल्याकडं जी सवय आहे ना ती मला अजिबात पटत नाही.

ॲशवर्थचंपण तसंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडानं न्यूकॅसलचा ८० टक्के हिस्सा घेतला तेव्हा ती टीम तळाला होती, त्या सीझनच्या पहिल्या १४ लीग मॅचमध्ये एकसुद्धा जिंकली नव्हती. पैसा आला आणि जानेवारीत त्यांनी दणादण खेळाडू घेतले, ब्रायटनचा डॅन बर्नसुद्धा नेला (तो तिकडचाच पोरगा, लहानपणापासून न्यूकॅसलचा फॅन, त्याचं तर कुणालाच वाईट वाटलं नाही). आणि लगेच पुढच्या महिन्यात ॲशवर्थ. मला तेव्हाच वाटलं की ह्या लोकांना कळतंय, खेळाडू तर कुणीपण विकत घेईल, खेळाडू कसा शोधायचा हे माहीत असलेला माणूस घेतला की पुढची दहा वर्षं घेतली.

आणि ब्रायटन म्हणजे काय हो, १९९७ ला जुनं ग्राउंड सोडावं लागलं, घरचं मैदानच नाही, दोन वर्षं लांब गिलिंगहॅमला जाऊन 'होम' मॅच खेळायचे, मग ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवाल्या विथडीनमध्ये २०११ पर्यंत काढले. मालक टोनी ब्लूम त्याच गावचा, त्याचा आजा ह्याच क्लबचा व्हाइस चेअरमन होता. त्यानं घरचा पैसा घालून स्टेडियम उभं केलं आणि २०१७ ला टीम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आली. असा क्लब मोठ्यांच्या पगाराशी पगार लावून भांडूच शकत नाही. त्याला एकच रस्ता, इतरांच्या आधी बघायचं. इक्वाडोरमधनं मोइसेस कैसेडो आणला तो ४०-५० लाख पौंडांत, जपानमधनं मितोमा आणला आणि आधी एक वर्ष बेल्जियमला खेळायला पाठवला. ॲशवर्थच्या काळातलीच ही कामं. कैसेडो २०२३ मध्ये चेल्सीला गेला तेव्हा १० कोटी पौंड मिळाले, वर आणखी बोनस.

बरं, ॲशवर्थ गेल्यावर थोड्याच दिवसांत ब्रायटन ओळीनं मॅच हरत गेलं, त्यात न्यूकॅसलकडूनच २-१ नं हरलं. मला तर वाटलं झालं, संपलं. पण एप्रिल-मेमध्ये आर्सेनलला त्यांच्या घरी हरवलं, मँचेस्टर युनायटेडला ४-० मारलं आणि नवव्या नंबरवर सीझन संपवला, तोपर्यंतचा क्लबचा सगळ्यात वरचा नंबर.

पण मला त्या मॅचपेक्षा ऑफिसात काय झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲशवर्थच्या जागी बाहेरचा मोठ्या नावाचा कुणी आणला नाही. डेव्हिड वीअर, स्कॉटलंडचा जुना डिफेंडर, जो आधी लोनवर गेलेल्या पोरांकडं बघायचा, त्यांच्या मॅच बघत गावोगाव फिरायचा, त्याला आधी तात्पुरतं आणि मग कायमचं बसवलं. म्हणजे ॲशवर्थ खुर्चीत असतानाच हा माणूस शेजारी बसून काम शिकत होता. ब्लूमचं धोरणच आहे ते, प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी पुढं कोण ह्याचा विचार आधीच चालू ठेवायचा, आजचा माणूस खुश असला तरी.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेल्सीनं कोच ग्रॅहम पॉटर नेला, सोबत त्याचा पाच जणांचा स्टाफ, ब्रायटनला नुकसानभरपाई २ कोटी पौंडांच्या वर. नोव्हेंबरमध्ये रिक्रूटमेंटचा, म्हणजे खेळाडू शोधून आणण्याच्या कामाचा, प्रमुख पॉल विनस्टनलीपण चेल्सीलाच. एका वर्षात निम्मं घर उचलून नेल्यासारखं. आणि झालं काय? ऑक्टोबरच्या शेवटी पॉटर चेल्सी घेऊन ब्रायटनला आला आणि ४-१ नं हरून गेला, एप्रिलमध्ये चेल्सीनं त्याला काढलं, सीझन संपला तेव्हा ब्रायटन सहावं आणि चेल्सी बारावं. ब्रायटन पहिल्यांदा युरोपात खेळायला गेलं. चेल्सीला ४-१ नं हरवलेली ती मॅच मी मोबाईलवर बघायलो होतो, आवाज बंद करून, कारण सकाळी सहाच्या बॅचची पोरं शेजारच्या रूममध्ये झोपली होती, आणि चौथा गोल झाल्यावर ओरडता येईना म्हणून उशीच दाबून धरली.

आता कुणी म्हणेल की मग माणूस गेल्यानं काहीच फरक पडत नाही. तसं मी म्हणत नाही, फरक पडतोच. ब्रायटन पुढच्या सीझनला अकरावं आलं, त्याच्या पुढच्याला आठवं, ते सहावं स्थान त्या दोन सीझनमध्ये काही परत आलं नाही, आणि २०२४ मध्ये चेल्सीनं त्यांचा आणखी एक रिक्रूटमेंटवाला नेला. दरवेळी नवा माणूस घडवायचा, तो तयार झाला की मोठ्या क्लबनं न्यायचा, ह्यात क्लब थकतो, खाली काम करणारी माणसं थकतात. नुकसानभरपाई क्लबच्या खात्यात जाते, ज्यांचा चांगला साहेब गेला त्यांना काय मिळतं? मला त्या ऑफिसातल्या साध्या स्काउटचा, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याचा, डेटा बघणाऱ्या पोरांचा विचार येतो, ज्यांना सोमवारी सकाळी कळलं असेल.

आणि त्यांच्याकडं निदान एक सोय आहे. गार्डनिंग लीव्ह म्हणतात, म्हणजे राजीनामा दिला की नोटीसचा काळ घरी बसायचं, पगार चालू, पण नव्या क्लबचं काम करायचं नाही. ॲशवर्थ फेब्रुवारीत उठला पण न्यूकॅसलला बसायला उन्हाळा लागला, तेसुद्धा दोन्ही क्लबमध्ये पैशाचं ठरल्यावर. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूकॅसलवर तीच वेळ आली, आता न्यायला मँचेस्टर युनायटेड आलं होतं, तर न्यूकॅसलनंही त्याला घरी बसवलं आणि मोठी रक्कम मागितली. जुलैत तो युनायटेडला लागला आणि डिसेंबरमध्ये तिथून बाहेरपण पडला, पाच महिन्यांत. एवढा खटाटोप करून आणलेल्या माणसाला पाच महिने! मला खरंच वाईट वाटलं होतं, असल्या माणसाचं काम दिसायला तीन-चार वर्षं लागतात हे आणणाऱ्यांना माहीत नव्हतं का?

आमच्याकडं लीव्ह नाही आणि भरपाई नाही. सर शनिवारी इथून चावी देऊन गेले आणि सोमवारपासून पलीकडं बसणार, ह्या वर्षीचं सगळं प्लॅनिंग डोक्यात घेऊन. मालक सर दोन दिवस झाले नुसते फोनवर आहेत, पुण्याहून कुणी मिळतंय का, कोटाचा कुणी येईल का, पॅकेज किती. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायले, सर गेले म्हणजे गेलं सगळं. मला हे ऐकून राग आला, सरांवर नाही, आपल्या सगळ्यांवर. एवढी वर्षं सगळं एका माणसाच्या डोक्यात राहू दिलं, शेजारी कुणाला बसवलंच नाही, कारण सर आहेत ना, करतील.

पण बसलेलं कुणीच नव्हतं असंही नाही. टेस्ट डिपार्टमेंटच्या मॅडम आहेत, औशाहून रोज एसटीनं येतात. ओएमआरचा, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेचा, रिझल्ट आला की कोणत्या बॅचची किती पोरं कोणत्या प्रश्नाला चुकली ह्याचं रजिस्टर त्या स्वतःच ठेवायच्या, कुणी सांगितलं नव्हतं, आणि सर पुढचा पेपर काढायला बसले की तेच रजिस्टर मागायचे. मागच्या वर्षी सरांना डेंग्यू झाला तेव्हा सगळे पेपर मॅडमनीच काढले होते, पोरांना कळलंसुद्धा नाही. मालकांना हे माहीत आहे का, मला शंकाच आहे, कारण त्यांच्या लेखी त्या 'पेपर तपासणाऱ्या मॅडम'.

उद्या सकाळच्या बॅचच्या आधी मालक सरांच्या केबिनमध्ये जाऊन ते रजिस्टर टेबलावर ठेवणार आहे. मॅडमला विचारलंय, त्या म्हणल्या, मी नाही येणार, तुम्हीच बोला, आणि मला ती जागा दिली तर हाताखाली एक माणूस लागेल हेपण सांगा. सांगतो म्हणलं.