साप की ताप?

बीएएसएलपी (ऐकण्या-बोलण्यातल्या अडचणी तपासून त्यावर उपचार करायला शिकवणारी पदवी) म्हणजे काय, हे नागपुरात चार वर्षं नातेवाइकांना सांगून मी दमले. "कानाची डॉक्टर का?" "नाही मावशी, कान आणि वाचा दोन्ही बघते, पण डॉक्टर नाही." मग ठरलेला प्रश्न, "नोकरी लागते का?"

तीन वर्षं वर्गात गेली, चौथं इंटर्नशिपचं. पहिल्या केस हिस्टरीत मी लिहिलं, 'मूल लाजाळू, सहकार्य करत नाही.' मॅडमनी त्यावर रेघ मारली. "लाजाळू हे तू ठरवलंस. दिसलं काय, ते लिही." मग लिहिलं: पाच हाकांपैकी एकीला वळला, गाडी हवी तर आईचा हात धरून कपाटाकडे नेतो, शब्द एकही नाही. (तेव्हापासून घरच्या भांडणातही 'तू नेहमीच असं करतोस' म्हणायची माझी सोय गेली.)

इतवारीतले एक दुकानदार आजोबा आले होते. मुलगा चिडलेला. "हवं तेव्हा बरोब्बर ऐकू येतं यांना. नाटक करून राहिले." ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, काढला. खालच्या पट्टीतल्या आवाजांना, 250, 500 हर्ट्झला, रेघ ठीक होती, वरच्या पट्टीत, 2000 नंतर, घसरून 60-70 डेसिबलवर. रेघ खाली म्हणजे ऐकणं कमी, हे कागदावर समजावणं सोपं. पण मुलाला कागद पटत नव्हता. मग मी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर फाइल धरली आणि म्हटलं, "साप."

आजोबा म्हणाले, "ताप?"

स्वर खालच्या पट्टीतले, ते आजोबांपर्यंत पोचत होते. स, श, फ हे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गळून जात होते. म्हणून आवाज येई, शब्द कळत नसे. ओरडलं तर मुख्यतः स्वरच आणखी दणदणतात. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. "म्हणजे मी दोन वर्षं उगाच ओरडून राहिलो."

पदवी मिळाली, तरी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हाती आल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. तोवर म्हणून मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत मुलाखत दिली. काम ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांना शिकवायचं. 'संवादकौशल्य, टीमवर्क' असं घोकून गेले होते. समोरच्यांनी विचारलं, "तुमची ही पदवी इथे काय कामाची?" आणि घोकलेलं सगळं उडालं. सापाची गोष्ट सांगितली.

त्यांनी एक रेकॉर्ड केलेला फोन ऐकवला. मी सवयीनं टिपत गेले: ग्राहकानं तेच तीनदा सांगितलं, घेणाऱ्यानं चारदा वाक्य मध्येच तोडलं, 'समजलं' सहादा, प्रश्न एकही नाही. अडखळणाऱ्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, हे क्लिनिकमध्ये जीभ चावून शिकले होते. त्यामुळे ती चार तोडलेली वाक्यं कानाला लगेच टोचली.

"उद्धट आहे, असं नाही लिहिलंत?"

"ते मला ऐकू आलं नाही, सर."

ते हसले. मग पगाराचा आकडा त्यांनी फार हळू सांगितला. तो मात्र ऐकू आला.