काळ्या रुपयातले मोरपंखी रंग : एका नाण्याचा खरा फोटो काढण्याचा माझा अनुभव

आमच्या घरातले चांदीचे रुपये दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रांगोळीने घासून लख्ख केले जात, त्यामुळे जाणकाराच्या दृष्टीने त्यांचे मोल चांदीच्या भावापलीकडे फारसे उरलेले नाही. या घासण्यातून सुटलेले नऊ रुपये मात्र गेल्या वर्षी सांगलीतल्या गणपती पेठेतील आमच्या जुन्या घरात, आजोबांच्या हळदीच्या अडतीच्या वह्यांमागे, जाड खाकी कागदाच्या पुडीत सापडले. सगळे १९१८ सालचे, पंचम जॉर्जच्या छापाचे आणि चलनात जवळजवळ न फिरलेले. आत्याने पाहताक्षणी ‘काळे पडलेत, चिंच लावून ठेवते’ असे जाहीर केले; तिची चिंच भिजायच्या आत मी पुडी उचलून विश्रामबागेतल्या माझ्या घरी आणली.

समोरून पाहिले तर रुपये खरोखरच काळपट दिसत होते. खिडकीशी धरून एक नाणे हळूहळू तिरके केले, तेव्हा एका ठराविक कोनात ते एकदम पेटल्यासारखे झाले: मध्यभागी गवती सोनेरी, त्याभोवती गुलाबी आणि जांभळा, त्याबाहेर गर्द निळा, आणि अगदी कडेला हिरवट झाक. कागदातले आणि हवेतले गंधकाचे अंश चांदीवर बसून वर्षानुवर्षे सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या चांदीवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळले, की थराच्या जाडीप्रमाणे वेगवेगळे रंग दिसतात. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात, तेच हे रंग. पुडीच्या तोंडाकडून हवा आत जात असल्याने कडेला थर जाड आणि मध्यभागी पातळ झाला असावा, असा माझा अंदाज आहे.

भावंडांत वाटणी करण्यापूर्वी किंमत कळावी म्हणून पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांना फोटो पाठवायचे ठरले. जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेला पहिला फोटो पाहून त्यांनी ‘चांदीच्या भावाने घेऊ’ असे कळवले. मी चिडून मोबाइलमध्येच रंगांची तीव्रता वाढवून दुसरा फोटो पाठवला, तर ‘हे रंग गंधक लावून आणलेले वाटतात’ असे उत्तर आले. त्यांचे दोन्ही वेळा काही चुकले नव्हते, कारण दोन्ही फोटोंत माझे नाणे नव्हतेच.

मग मी धाकट्या भावाचा कॅमेरा आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, मागून घेतली. पहिले दोन रविवार एक साधी गोष्ट समजण्यात गेले: असे नाणे आरशासारखे वागते, त्यामुळे रंग दिसायचे असतील तर त्या आरशात काहीतरी उजळ दिसले पाहिजे. कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर असेल, तर नाण्याला दिसते ती लेन्सची काळी तबकडी, आणि म्हणून फोटोही काळा येतो. याच कारणाने पहिल्या रविवारी मला अतिशय देखणा वाटलेला एक निळा पट्टा माझ्या निळ्या सदऱ्याचे प्रतिबिंब निघाला. तेव्हापासून मी काळा टी-शर्ट घालून बसतो.

नाण्याखाली पेन्सिलीचा तुकडा ठेवून ते पाच अंशांनी तिरके करून पाहिले. रंग झकास आले, पण साडेतीस मिलिमीटरच्या रुपयाची एक कड त्यामुळे अडीच मिलिमीटरहून अधिक उचलली जाते, आणि इतक्या जवळून लेन्सचे छिद्र एफ/८ या मापावर ठेवले तरी तेवढी खोली स्पष्ट येत नाही. राजाचा चेहरा रेखीव आणि मुकुट धूसर, असे काहीतरी विचित्र हाती आले.

अखेर उपाय काचवाल्याकडे सापडला. त्याने फोटोफ्रेमची दोन मिलिमीटर जाडीची, कडा घासलेली काच कापून दिली. ती लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये ४५ अंशांत उभी केली, दिवा बाजूने आडवा लावला, दिव्याचा थेट प्रकाश नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये एक पुठ्ठा ठेवला आणि समोरच्या बाजूला काळे कापड लावले. आता प्रकाश काचेवरून वळून सरळ खाली नाण्यावर जातो आणि त्याच वाटेने काचेतून आरपार लेन्समध्ये परत येतो. काच सुमारे दहावा भागच प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागले. खालून ट्रक गेला तरी फोटो हलत असे, म्हणून टायमर लावून, हात न लावता, बहुतेक फोटो रात्री अकरानंतर काढले.

फोकससाठी मी राजाच्या छातीवरचा इवलासा हत्ती धरला. १९११ च्या रुपयावर तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला होता, ते रुपये मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षीपासून चित्र सुधारण्यात आले. संग्राहक त्या नाण्याला आजही ‘पिग रुपी’ म्हणतात. थोडे विषयांतर झाले खरे. पण हत्तीची सोंड पडद्यावर सुटी दिसली, की बाकीचे नाणे स्पष्ट आलेच म्हणून समजावे.

रंग दिसू लागले तरी ते खरे नव्हते. घरातल्या साध्या एलईडी दिव्यात तांबड्या प्रकाशाचा अंश कमी असतो, त्यामुळे गुलाबी वलय मळकट दिसत होते; सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ९५ चा दिवा आणल्यावर ते जागेवर आले. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंग आपोआप जुळवण्याची सोय, समोर सोनेरी रंग दिसला की तो धुऊन टाकतो, म्हणून तो बंद केला. झेरॉक्सच्या कागदावर व्हाइट बॅलन्स घेण्याची चूकही मी केली. त्या कागदात निळसर चमक आणणारे रसायन असते, त्यामुळे कॅमेरा निळा रंग कापतो आणि सगळे पिवळट पडते. त्यानंतर छायाचित्रकारांचे करडे कार्ड नाण्याच्या जागी ठेवून, काच लावलेली असतानाच व्हाइट बॅलन्स घेतला, कारण साध्या काचेलाही किंचित हिरवी झाक असते. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंगांत फेरफार न केलेल्या रूपात, घेतले आणि संगणकावर उजळपणाखेरीज कशालाही हात लावला नाही.

हे फोटो पाहून ते संग्राहक स्वतः सांगलीला आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी कडेने धरलेले नाणे बराच वेळ डुलवले, लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “सगळं आलंय, पण ही हिरवट कड तुमच्या फोटोत नाही.” ते खरे होते. नाण्याची उठावाची कड उतरती असते, त्यामुळे वरून सरळ येणारा प्रकाश तिच्यावरून बाजूला निघून जातो आणि ती काळी राहते. त्याच संध्याकाळी पेन्सिलीचा तुकडा पुन्हा नाण्याखाली गेला, आणि फक्त कडेवर फोकस धरून वेगळा फोटो काढला. आता प्रत्येक रुपयाचे दोन फोटो काढतो, एक सपाट आणि एक तिरका, आणि सोबत नाणे बोटांत फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ देतो. नऊपैकी पाच झाले आहेत, चार अजून पुडीत आहेत.