डीकनचं सलून

गेल्या महिन्यात माझे केस कापणारे आमचे डीकन गेले. तेव्हापासून लिहायचं म्हणतोय पण हात चालत नव्हता. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस लागलाय, आणि शनिवार सकाळ म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या खुर्चीत बसायची माझी वेळ, म्हणून बसलो शेवटी लिहायला.

फिलाडेल्फियाच्या पश्चिम भागात बाल्टिमोर अ‍ॅव्हेन्यू म्हणून लांबलचक रस्ता आहे, त्यावरून ट्रॉली धावते, पूर्वी ३४ नंबरची, म्हणजे आपण ट्राम म्हणू ती. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये एकाला एक चिकटलेली विटांची घरं आणि संध्याकाळी पायऱ्यांवर गप्पा मारत बसलेली माणसं. वस्ती बरीचशी काळ्या लोकांची. मी पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेला, त्यामुळे मला ही गल्ली पहिल्यापासून परकी वाटली नाही, पण गल्लीला मी परका होतो, आणि तो परकेपणा ज्या माणसाने काढला ते हे डीकन.

डीकन हे त्यांचं नाव नव्हे, ते चर्चमधलं पद. पाद्रीसाहेबांच्या बरोबरीने आजाऱ्यांना भेटायला जाणं, कुणाच्या घरी चूल पेटत नसेल तर सामान पोचवणं, प्रार्थनेला सुरुवात करून देणं, असली कामं. दिंडीत चोपदार असतो ना, शिस्तही लावतो आणि कोण मागे राहिलंय हेही बघतो, तसंच काहीसं. अख्खी वस्ती त्यांना डीकनच म्हणायची, सलूनमध्येसुद्धा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हिवाळा होता आणि मला या शहरात येऊन तीन आठवडे झाले होते. त्यांनी माझ्या केसांतून बोटं फिरवली आणि स्पष्ट सांगितलं की असे सरळ केस माझ्याकडे फार येत नाहीत, कात्रीने करावे लागतील, वेळ लागेल, थांबशील का? थांबलो. मग कात्री चालवता चालवता विचारलं, तुझी माणसं कोण? ऑफिसात तोपर्यंत सगळ्यांनी मी काय काम करतो एवढंच विचारलं होतं. आमच्या पेठेत म्हातारी माणसं विचारायची, "कुणाचा रे तू?", अगदी तोच प्रश्न. मी आई, बाबा, आजी, पुणं, सगळं सांगत सुटलो आणि पुढच्या खेपेला त्यांनी आजीच्या गुडघ्याची चौकशी केली.

सलून मंगळवार ते शनिवार. रविवार चर्चचा. सोमवारी बाकीचे न्हावी सुट्टी घ्यायचे, हे मात्र मशीन, कात्री, पावडर बॅगेत भरून निघायचे. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्या घरी किंवा हॉस्पिटलात जाऊन दाढी-कटिंग करायचे, एक पैसा न घेता. आणि चर्चमधलं कुणी गेलं की अंत्यसंस्काराआधी त्याचे केसही हेच नीट करायचे. ज्याचं पहिलं कटिंग मी केलं त्याचं शेवटचंही मीच केलं, असं दोन जणांबद्दल त्यांनी मला सांगितलं होतं, आणि सांगताना हातातलं मशीन बंद केलं होतं.

ऑगस्टअखेर, शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी पोरांचं कटिंग फुकट. अट एकच, खुर्चीत बसून पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचायचं. अडखळला तरी चालेल, कुणी हसायचं नाही. सलूनमध्ये शिवीगाळ अजिबात चालायची नाही, भल्याभल्यांना त्यांनी दाराबाहेर उभं केलेलं मी पाहिलंय. मलाही ओरडा बसला होता, देवळात का जात नाहीस म्हणून. माझ्या चर्चला ये असं त्यांनी कधी म्हटलं नाही, तुझ्या देवाकडे जा म्हणाले. एकदा ईस्टरला मी आपणहून गेलो. ती गाणी, टाळ्या, उभं राहून डोलणारी माणसं बघून मला आमच्या गल्लीतलं भजन आठवलं आणि डोळे भरून आले, त्यांनी पाहिलं, बोलले काही नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला.

आरशाच्या वर दोन फोटो होते. एक रिचर्ड अ‍ॅलन यांचा, जे गुलामगिरीतून स्वतःला सोडवून घेऊन बाहेर पडले आणि १७९४ मध्ये याच शहरात त्यांनी मदर बेथेल चर्च उभं केलं. दुसरा अलोन्झो हर्नडन यांचा, १८५८ चा जन्म, तोही गुलामीत, पुढे अटलांटात केस कापून कापून मोठे झाले आणि १९०५ मध्ये विमा कंपनी काढली. डीकन म्हणायचे, की हर्नडनच्या मोठ्या सलूनमध्ये कापणारे हात काळे आणि खुर्चीत बसायची परवानगी फक्त गोऱ्यांना, म्हणून माझ्या सलूनमध्ये जो येईल तो बसेल.

२०२२ च्या उन्हाळ्यात बाबा आले. पंचाहत्तरी जवळ आलेली, गळ्यात तुळशीची माळ, इंग्रजी जेमतेम. मी त्यांना सलूनमध्ये नेलं आणि त्या दोघांचं असं जमलं की मी नुसता दुभाष्या. फोटोंची गोष्ट ऐकल्यावर बाबा म्हणाले, अरे यांना आपल्या शिवा काशीदांचं सांग. मग मी सांगितलं, १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराजांसारखे दिसणारे शिवा काशीद, जातीने न्हावी, महाराजांचा वेश करून पालखीत बसले आणि मरणाला सामोरे गेले, म्हणून महाराज निसटले. डीकननी मशीन खाली ठेवलं. सलूनमधले सगळे गप्प. मग बाबांनी संत सेना महाराजांचं सांगितलं, न्हावी आणि संत, आम्ही वारकरी त्यांचं नाव घेतो. डीकननी ते नाव दोनदा म्हणून घेतलं. बाबा त्यांना माऊली म्हणायचे, अर्थ विचारला तर मी सांगितलं, आई. त्या दिवसापासून अख्खं सलून बाबांना माऊली म्हणायला लागलं.

काउंटरवर पावडरच्या डब्याशेजारी बीपीचं मशीन असायचं. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण कटिंगआधी हात पुढे करायचा आणि डीकन आकडा वहीत लिहायचे. बाबा म्हणाले, मला काही होत नाही. पुण्यात आम्ही वर्षानुवर्षं मागे लागून थकलो होतो. डीकननी वाद घातला नाही, आधी स्वतःची बाही वर केली, स्वतःचं बीपी मोजलं, वहीत लिहिलं आणि पट्टा बाबांसमोर धरला. १६८/९६. पाच मिनिटं शांत बसवून परत मोजलं, १६४. मला म्हणाले, केस नंतर, आधी डॉक्टर. इथल्या क्लिनिकमध्ये दाखवलं, पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो, गोळी सुरू झाली.

नंतर मी यावर वाचलं. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ सलूनमध्ये अभ्यास केला होता, ३१९ काळे पुरुष, सगळ्यांचं बीपी वाढलेलं. साधारण अर्ध्या सलूनमध्ये फार्मासिस्ट येऊन तिथेच डॉक्टरांच्या संमतीने औषध सुरू करायचा, बाकीच्यांत न्हावी फक्त समजावून सांगायचे आणि डॉक्टरकडे जा म्हणायचे. सहा महिन्यांत पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी २७ अंकांनी उतरलं, दुसऱ्याचं ९ च्या आसपास. २०१८ मध्ये ते छापून आलं. वाचताना मला सारखं वाटत होतं की फार्मासिस्टने औषध दिलं हे खरं, पण माणसं खुर्चीत हात पुढे करतात ती न्हाव्यावरच्या विश्वासाने.

इथल्या काळ्या लोकांत अंत्यसंस्काराला होमगोइंग म्हणतात, घरी जाणं. चर्च दारापर्यंत भरलं होतं, पांढरे हातमोजे घातलेल्या बायका लोकांना जागा दाखवत होत्या. डीकनचे केस त्यांच्या पुतण्याने केले होते, कानाजवळची रेघ अगदी सरळ. पाद्रीसाहेब म्हणाले की ज्यांचं कटिंग डीकननी केलंय त्यांनी उभं राहा, आणि जवळजवळ सगळे पुरुष उठले, पोरंही. नंतर तळघरातल्या हॉलमध्ये सगळ्यांना जेवण, फ्राइड चिकन, मॅक अँड चीज, कॉलर्डची पालेभाजी. मला एका आजीबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

गेल्या शनिवारी पुतण्याने सलून उघडलं. माझी मान चादरीत गुंडाळली आणि काउंटरवरची ती वही उघडली. डीकनच्या अक्षरात एका पानावर माझं नाव, त्याखाली 'माऊली, पूना' आणि दोन वर्षांचे आकडे, मी दर महिन्याला सांगितलेले. शेवटच्या दोन महिन्यांची जागा कोरी. पुतण्या म्हणाला, वडिलांचं काय आहे सध्या? मी तिथूनच फोन लावला, पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, बाबांनी थांब म्हणून मशीन काढलं, पट्टा बांधतानाचा तो चर्र आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला.

"१३२/८४," बाबा म्हणाले, "माऊलीच्या वहीत लिहून घे."