कारण अज्ञात, नाव भारदस्त

‘इडिओपॅथिक’ हा शब्द तपासणीच्या अहवालात वाचला की दुखण्याचे नेमके नाव हाती लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात या भारदस्त विशेषणाचा आजचा अर्थ ‘कारण सापडले नाही’ एवढाच आहे. मूळ ग्रीक ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचे, खासगी, आणि ‘पॅथोस’ म्हणजे पीडा. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने ज्या अवयवात त्रास जाणवतो तिथेच उगम पावलेले आजार आणि दुसऱ्या अवयवाच्या बिघाडाने तिथे पोहोचलेले आजार असा भेद केला. अपस्माराचे मूळ मेंदूतच असेल तर तो पहिल्या, म्हणजे ‘इडिओपॅथिक’ प्रकारचा, जठरात असेल तर दुसऱ्या, असे तो मानी. म्हणजे हा शब्द तेव्हा उगमाचा ठाम पत्ता सांगत होता. पुढे ‘स्वतःहून उद्भवलेला’ या अर्थावरून घसरत तो अज्ञानाच्या कबुलीपर्यंत आला. ‘इडियट’ हा शब्दही याच ‘इडिओस’चा. ग्रीकांच्या लेखी तो सार्वजनिक कारभारात नसलेला खासगी माणूस होता. इथे तो कोणाला लागू करायचा, रुग्णाला की डॉक्टरांना, यावर वैद्यकीय वर्तुळात विनोद होणारच.

तरीही हे विशेषण आळसाने चिकटवलेले नसते. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसमध्ये फुप्फुसात व्रणासारखी कठीण ऊती साठत जाते; पण हे निदान लिहिण्याआधी ॲस्बेस्टॉसची धूळ, पक्ष्यांचा सहवास, काही औषधे, संधिवातासारखे विकार अशी एकेक शक्यता तपासून बाजूला सारावी लागते. एवढा शोध घेऊन दिलेले ‘माहीत नाही’ हे उत्तर मला अंदाजाने ठोकून दिलेल्या कारणापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

कारण सापडले की या शब्दाला जागा सोडावी लागते. मूत्रपिंडाच्या ‘इडिओपॅथिक’ मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या सुमारे 70 टक्के रुग्णांमध्ये एका विशिष्ट प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज), म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्याच हल्ल्याची खूण, असल्याचे 2009 मध्ये दिसून आले. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी होण्याच्या आजाराचे इडिओपॅथिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा हे नाव बदलून ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’ असे करण्याची शिफारस केली, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते हे एव्हाना स्पष्ट झाले होते. ‘परप्युरा’, म्हणजे त्वचेवरचे जांभळे डाग, हा शब्दही गळला. ते डाग अनेक रुग्णांत दिसतच नाहीत. ‘आयटीपी’ हे संक्षिप्त रूप मात्र सवयीचे म्हणून तसेच ठेवले गेले, त्यामुळे त्यातल्या ‘पी’ला आता स्वतःचा शब्दच उरलेला नाही.