वांगाचा इलाज आणि फॉर्ममध्ये नसलेला एक प्रश्न

चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी मी ज्या स्किन क्लिनिकमध्ये आधी गेले, तिथे दोन पानी फॉर्म भरून घेतला होता. त्वचा तेलकट की कोरडी, किती दिवसांत फरक हवा, पैसे एकदम भरणार की हप्त्याने, सगळं विचारलं होतं. सध्या कोणती औषधं चालू आहेत, एवढं मात्र कुठेच विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नावाचून माझे कितीतरी महिने गेले. आजही त्याचा राग येतो.

माझे डाग दोन्ही गालांच्या उंचवट्यावर होते, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. थोडे कपाळावर आणि वरच्या ओठाच्या वर. तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, पण खाज नाही, आग नाही, हाताला काही लागत नाही. माझ्या आईलाही असेच होते. घरातल्या कुणीही बघून वांग म्हटलं असतं. क्लिनिकमध्ये मात्र 'पिगमेंटेशन' याच्या पलीकडे कुणी गेलंच नाही.

पिगमेंटेशन म्हणजे फक्त रंग वाढलाय. ताप आलाय म्हटल्यावर तो कशाने आलाय ते कळत नाही, तसंच हे. पिंपल फोडल्यावर मागे राहणारा डाग वेगळा, उन्हामुळे वयानुसार येणारे ठिपके वेगळे, केसांच्या रंगाची किंवा अत्तराची ॲलर्जी होऊन काळवंडलेली त्वचा वेगळी. मान आणि काखेबरोबर चेहऱ्याच्या कडाही काळ्या आणि जाडसर होत असतील, तर इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते आणि तिथे रक्त तपासावं लागतं. या सगळ्यांवर एकच पॅकेज कसं चालेल?

तिथे पहिलं बोलणं झालं ते काउन्सेलरशी. तिने टॅबवर फोटो काढले, डाग लाल रंगात मोठे करून दाखवले आणि पॅकेजेस समजावली. डॉक्टर आले, उभ्या उभ्याच चेहरा पाहिला आणि केमिकल पील सुरू करू म्हणाले. पील म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं. दर वेळी चेहरा थोडा उजळायचा आणि काही आठवड्यांत डाग परत यायचे, वर कडेने जास्त गडद. मी विचारलं की असं का होतंय, तर उत्तर ठरलेलं, "सेशन्स अजून लागतील." कोणतं ॲसिड, किती टक्के, हे लिहून द्या म्हटलं, तर फाइल क्लिनिकबाहेर देत नाही म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर लावलेल्या औषधाचं नाव मलाच का मिळू नये, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. रिसेप्शनवरून डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडून काउन्सेलरकडे आणि तिथून पुन्हा पुढच्या तारखेवर.

मग लेझरची गोष्ट निघाली, आणि त्याच्याबरोबर 'आतून रंग कमी करणाऱ्या' गोळ्या. मी गोळीचं नाव लिहून मागितलं. बऱ्याच आग्रहानंतर काउन्सेलरने कागदावर लिहिलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. तो कागद घेऊन मी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, याचं मला आजही समाधान आहे.

या डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघण्याआधी प्रश्नच विचारले. डाग कधी सुरू झाले, त्या आधी गरोदरपण होतं का, थायरॉइडचा त्रास आहे का, घरात कुणाला आहेत का, चेहऱ्याला काय काय लावलं, केस रंगवता का, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत? मी गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. डाग त्या सुरू केल्यानंतरच आले होते, पण ही सांगड मला आतापर्यंत कुणी घालून दिली नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तो कागद पुन्हा वाचला. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे मुळात रक्तस्राव थांबवण्याचं औषध आहे, झालेली गुठळी ते विरघळू देत नाही. दोन्ही एकत्र घ्यायची नसतात. वांगावर हे औषध कमी मात्रेत देतात, उपयोगही होतो, पण आधी हे सगळं विचारूनच. फॉर्मवरच्या एका ओळीत निभावलं असतं असं काम, आणि तिथे मला ती गोळी पॅकेजमधली भेट म्हणून मिळणार होती!

पीलने डाग का वाढले तेही तेव्हाच समजलं. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, बनवणाऱ्या पेशी असतात. वांगात त्या आधीच चेतलेल्या असतात. ऊन, हार्मोन्स, उष्णता, आग, चोळणं, यातलं काहीही मिळालं की त्या आणखी रंग तयार करतात. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत ही प्रतिक्रिया जास्त तीव्र. म्हणून जोरकस पील आणि लेझरने डाग वाढू शकतात. लेझर कायम वाईट असं नाही, पण वांगासाठी तो पहिला उपाय नव्हे.

खोलीत अंधार करून त्यांनी वूड्स लॅम्पखाली चेहरा पाहिला. त्या अतिनील प्रकाशात वरच्या थरातला रंग अधिक उठून दिसतो, खोलवरचा तसा उठून दिसत नाही. माझा मिश्र निघाला. वरचा बराच जाईल, खालचा हळूहळू आणि कदाचित पूर्ण नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मला ते ऐकून बरं वाटलं.

पुढचं सरळ झालं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून गोळ्या बंद केल्या, तांबी बसवली. (वांग दिसलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पर्याय ठरवूनच करा.) रात्री लावायला हायड्रोक्विनोन (रंग तयार होणं कमी करणारं), ट्रेटिनॉइन (त्वचेच्या पेशी लवकर बदलायला लावणारं) आणि सौम्य स्टेरॉइड असं तिहेरी क्रीम मिळालं. या प्रकारचं मिश्रण 1975 पासून वापरात आहे आणि वांगावर आजही सर्वात परिणामकारक उपचारांपैकी एक मानलं जातं. पण चिठ्ठीवर डॉक्टरांनी ते कधी थांबवायचं ती तारीख मोठ्या अक्षरात लिहिली होती. कारण हेच क्रीम वर्षानुवर्षं लावलं तर त्यातल्या स्टेरॉइडमुळे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, आणि थांबवलं की चेहरा लाल होऊन भडकतो. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर काहींच्या त्वचेवर निळसर-काळे डाग पडतात आणि ते घालवणं फार अवघड. कुणाच्या सांगण्यावरून परस्पर ट्यूब आणून लावणाऱ्या मैत्रिणींना मी हे हात जोडून सांगते.

ते क्रीम थांबल्यावर ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम सुरू झालं. ते सौम्य आहे, जास्त काळ चालतं, आणि गरोदर बाईलाही सहसा देता येतं. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन मात्र गरोदरपणी टाळतात.

सनस्क्रीनचं खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, कारण माझा निम्मा गुण त्याचाच आहे. मी आधीही सनस्क्रीन लावत होते, एसपीएफ 50 चं. तरी डाग हलत नव्हते. उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात, आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपुरता असतो. वांगाला यूव्हीए आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा चेतवतो, आणि साधं सनस्क्रीन दिसणारा प्रकाश जवळपास अडवतच नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे ज्याने सनस्क्रीनला त्वचेसारखा रंग येतो ते. म्हणून वांगासाठी रंगीत सनस्क्रीन घ्या, डब्यावर आयर्न ऑक्साइड आहे का ते वाचा. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर एकेक पट्टी भरेल इतकं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. काचेतून यूव्हीए आत येतं, त्यामुळे खिडकीशी बसूनही लावायचं. जोडीला रुंद काठाची टोपी.

फोटो काढत असाल तर एकाच खिडकीशी, एकाच वेळी, महिन्यातून एकदाच काढा. रोज आरशात फरक शोधला की जीव कासावीस होतो. त्वचेचा वरचा थर बदलायलाच महिनाभर किंवा जास्त लागतो. माझा पहिला खरा फरक फोटोत दिसला, तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला.

लिंबाचा रस लावू नका. तो चेहऱ्यावर ठेवून उन्हात गेलं की त्वचा भाजून नवे डाग पडू शकतात. आणि झटपट गोरं करणारी, घटकांची यादीच नसलेली क्रीम घेऊच नका. अशा काहींमध्ये पारा सापडतो, आणि तो मूत्रपिंडांना इजा करतो. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल असं दिसलं तर डबा टाकून द्या.

एकटाच डाग दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या आकाराचा असेल, त्यात दोन-तीन रंग असतील, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, वाढत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्यावर कुठलंही क्रीम न लावता तो लगेच डॉक्टरांना दाखवा. अशा डागामागे त्वचेचा कॅन्सर असू शकतो.

माझे डाग आता कपाळावरून गेले आहेत, गालांवर फिकट उरले आहेत. गेल्या उन्हाळ्यात टोपी आणि सनस्क्रीन दोन्हीत हयगय नसतानाही उजव्या गालाची कड गडद झाली. डॉक्टरांनी ॲझेलेइक ॲसिड दिवसातून दोन वेळा लावायला सांगितलं आणि थंडीपर्यंत ती उतरली. वांग असं परतून येतं, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं, म्हणून या वेळी घाबरले नाही. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची आणि चेहऱ्याला लावलेल्या प्रत्येक क्रीमची यादी लिहून न्या, फॉर्ममध्ये जागा नसली तरी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्या.