मारबतीला गेले नाही

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळून राहिली आहे. काकूला मी कारणं का दिली?

"काहून नाही आली गं? सगळे विचारून राहिले." एवढंच तर म्हणाली ती. मी म्हटलं, पाठ धरलीय. मग म्हटलं, काम उरकायचं होतं. मग आभाळ भरून आलं होतं, हेही सांगून टाकलं. तिन्ही कारणं थोडीफार खरी. पण त्यातल्या एकाहीमुळे मी थांबले नव्हते. मला जायचं नव्हतं, म्हणून गेले नाही. एवढं साधं वाक्य, पण तोंडातून निघेल तर शपथ.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची, म्हणजे ईडा पिडा घेऊन जाणाऱ्या बायकांच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. इतवारीच्या गच्चीतून ती बघायची, ही घरची रीत. पिवळी आणि काळी चौकात समोरासमोर आल्या की खाली मुंगीला शिरायला जागा उरत नाही. ढोल, गुलाल, "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत"चा गजर. बाकीचे सगळे तेव्हा फुलतात, माझं डोकं भणभणतं. मग मी मागच्या खोलीत जाऊन बसते आणि एकेक जण डोकावून विचारतो, "बरं नाही का वाटून राहिलं?" तिथे मला खरं तर छान वाटत असतं. बडगे, ते चालू घडामोडींवरचे पुतळे, मात्र मला आवडतात. कोणाकोणाची टर उडवली ते घरबसल्या फोटोत बघते. तेवढी मारबत मला पुरते.

घुमी, शिष्ट, माणूसघाणी. सगळं ऐकून झालंय. नोकरी सोडली तेव्हा वेगळं काही नव्हतं. लग्नाचं तर जाऊच दे. दरवेळी समोरच्याला पटेलसं काहीतरी तयार ठेवते मी, रिक्षासाठी सुट्टे पैसे मुठीत धरावेत तसं. बरं, पटून तरी काय होतं? पाठ धरली म्हटलं तर काकूनं तेल सुचवलं. उद्या ती कोणाच्या तरी हाती बाटली पाठवेल. परवा विचारेल, लावलं का? आणि मी, एवढ्या वयाची बाई, ठणठणीत पाठीला तेल चोळत बसेन. पाठ काल दुखत होती, आज नाही.

राग काकूचा नाहीच. तिनं नुसतं विचारलं. घाबरल्यासारखं पुढ्यात सगळं मांडलं ते मी.

संध्याकाळी तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली. एकाच्या बैलाला चाक नव्हतं, तो बैल काखेत मारून उभा. "काकू, बोजारा!" खाऊ-पैशांसाठी हात पुढे. त्यांच्यातल्या एकानंही सांगितलं नाही की त्याला तो का हवा. दिला. चाक नसलेल्याला जरा जास्तच.

नंतर भांडी घासताना काळी मारबत आठवली. 1881 पासून निघते ती. इंग्रजांना साथ दिली म्हणून ती भोसल्यांच्या राणी बांकाबाईची, असं आजीपासून ऐकत आलो. म्हणजे एका बाईनं एक निर्णय घेतला आणि अख्खं शहर अजून दरवर्षी तिला मिरवून जाळतं. (निर्णय बरा की वाईट, ते इतवारीवाल्यांनी ठरवावं.) माझं काय, फार तर चहाच्या वेळी काकू आणि वहिनी पाच मिनिटं बोलतील. गच्चीत जागा मोकळी राहिली, म्हणतील. बोलू देत. मला एकदम हसूच आलं.

रात्री पुन्हा फोन. "महालक्ष्म्यांना तरी येशील न?"

"आदल्या रात्री येते. पुरण मी वाटते, भाज्या चिरून देते. जेवणाच्या पंगतीला नाही थांबणार."

एवढं बोलून गप्प राहिले. जीभ वळवळत होती, तरीही. काकू पण गप्प. पलीकडे टीव्हीवर मारबतीच्याच बातम्या चालू असाव्यात.

"आंबील डब्यात देऊ?" तिनं विचारलं.

"मोठ्या डब्यात."