पोरीच्या अंगात खेळ आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. मुलांना सकाळी माझ्याकडे धावण्याच्या सरावाला सोडायला आलेले पालक मैदानाच्या कडेला थांबतात आणि वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारतात. ‘मॅडम, पोरीच्या अंगात आहे का काही?’ ‘आमच्या घराण्यात कुणी खेळलेलं नाही, हिला जमेल का?’ आणि हल्ली एक नवीनच: ‘थुंकीची टेस्ट निघाली आहे म्हणे, त्यात कळतं मुलाला कुठला खेळ द्यायचा ते. करून घेऊ का?’

टेस्ट करू नका, हे आधीच सांगते. त्यात हमखास बघतात ते एसीटीएन-३ नावाचं जनुक. झटकन आकुंचन पावणाऱ्या स्नायूंच्या तंतूंमध्ये एक प्रथिन असतं, ते बनवायचं काम या जनुकाकडे. जगात सुमारे १८ टक्के लोकांच्या शरीरात ते प्रथिन बनतच नाही. त्यांना कसला आजार नसतो, ती माणसं चालतात, पळतात, गडही चढतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की अव्वल स्प्रिंटरमध्ये, म्हणजे कमी अंतर वेगाने पळणाऱ्यांमध्ये, हे प्रथिन नसलेले लोक जवळपास सापडत नाहीत. बातमी झाली आणि ‘वेगाचं जनुक’ असं नाव पडलं. पण उरलेले ८२ टक्के कोण? तुम्ही, मी, इथे नाशिकला सातपूरच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून बाहेर पडणारे बहुतेक सगळे. रिपोर्टवर ‘स्प्रिंटर’ छापून आलं, तरी त्यातून मुलीबद्दल काहीच कळलेलं नसतं. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट सांगितलं आहे की खेळातली गुणवत्ता ओळखायला लहान मुलांच्या अशा चाचण्या करू नयेत.

म्हणून जनुकांचं काही नसतं, असं मात्र मी म्हणणार नाही. सराव केला की कुणीही काहीही होतं, हे व्याख्यानात ऐकायला छान वाटतं. मैदानावर उभं राहून मुलांच्या तोंडावर ते सांगणं मला अन्याय वाटतो, कारण ज्याचं टायमिंग सुधारत नाही तो मग स्वतःला आळशी समजायला लागतो. उंचीतला जवळपास ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, आणि बास्केटबॉलमध्ये उंचीला पर्याय नाही. फिनलंडचा एरो मॅन्टिरांटा १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदकं घेऊन गेला. पुढे कळलं की त्याच्या घराण्यातच एक बदललेलं जनुक होतं, त्यामुळे रक्तात लाल पेशी कितीतरी जास्त बनत आणि स्नायूंना भरपूर ऑक्सिजन मिळे. अर्थात ते जनुक असलेले सगळे नातेवाईक काही ऑलिंपिकला गेले नाहीत.

दहा हजार तास सराव केला की कुणीही तरबेज होतं, हे गणितही पालक ऐकवतात. त्याचा उगम १९९३ च्या एका अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांना सरावाचे तास विचारले होते, आणि दहा हजार ही उत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. ती सगळी मुलं आधीच निवडून त्या संस्थेत आलेली, हे लोक विसरतात. शिवाय खेळाखेळात फरक आहे. नेमबाजीत उंची किंवा दमापेक्षा वर्षानुवर्षं केलेला सराव फार मोठा. स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडचा, पण नेमबाजी शिकला आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याचं ते पहिलंच ऑलिंपिक होतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हेरिटेज नावाच्या अभ्यासाने. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या, एरवी व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांना २० आठवडे सायकलवर एकसारखा व्यायाम दिला आणि आधी-नंतर ऑक्सिजन वापरायची क्षमता मोजली. काहींची वाढ जवळपास शून्य, तर काहींची मिनिटाला एक लिटरहून जास्त. एका घरातल्या माणसांचे आकडे एकमेकांच्या जवळ होते, आणि वाढीतला साधारण निम्मा फरक आनुवंशिक आहे असा हिशेब निघाला. म्हणजे सराव अंगी लागायची ताकदसुद्धा काही प्रमाणात जन्मासोबतच येते. पण ती दिसते कधी? सराव केल्यावरच. न पळवता कुठल्याही पोरीच्या अंगात काय आहे ते कुणालाच सांगता येणार नाही, मला नाही आणि लॅबलाही नाही.

आश्रमशाळेतून आलेल्या दोन मुली माझ्याकडे एकाच हंगामात सरावाला लागल्या. एकाच गावच्या, जेवण एकाच मेसचं, सराव तोच. ४०० मीटरची रिपीटेशन, म्हणजे तेच अंतर थोडं थांबून पुन्हा पुन्हा पळणं, झाली की मुलींनी मानेवर बोटं ठेवून नाडी मोजायची, असा माझा नियम आहे. पहिलीची नाडी दोन रिपीटेशनच्या मधल्या विश्रांतीत भराभर खाली यायची, आणि दिवाळीपर्यंत तिचं तीन हजार मीटरचं टायमिंग बघण्यासारखं झालं. दुसरी तेवढंच पळायची, तितकीच मान मोडून, आणि जागच्या जागी. जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी धाप लागायची. तिच्या खालच्या पापणीच्या आत बघितलं तर पांढरंफटक. ‘हिच्यात दम नाही’ म्हणून तिला घरी पाठवा, असं सांगणारे होते. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन खूपच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सराव हलका केला. काही महिन्यांनी तीच मुलगी वेगळी दिसायला लागली. पहिलीला ती अजून गाठत नाही, कदाचित कधीच गाठणार नाही. पण तिच्या अंगात काय आहे हे आम्हाला आता कुठे कळायला लागलं आहे.

आणखी एक. चौदा वर्षांखालच्या गटात जिंकणाऱ्याकडे नीट बघा. निम्म्या वेळा तो फक्त लवकर वयात आलेला असतो, शेजारच्या लेनमधल्या मुलापेक्षा वीतभर उंच. दोन वर्षांनी बाकीचे उंच होतात आणि हा मागे पडतो. उशिरा वाढणारा मुलगा तोवर खेळ सोडून क्लासला जायला लागलेला असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाबद्दल मी हो किंवा नाही का सांगत नाही, त्याचं हे कारण.

आता ज्या वाक्याचा मला खरंच त्रास होतो ते. ‘आदिवासी मुलींच्या रक्तातच असतं हो पळणं.’ कौतुक म्हणून म्हणतात, पण त्यात मुलीचे सगळे कष्ट पुसले जातात. हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. लहानपणी लांबून पाणी आणायला अनवाणी पायपीट करायची, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या मुली त्या पट्ट्यात पाड्यापाड्यावर आहेत, मग त्या सगळ्या ग्वांगझूला का नाही गेल्या? कविता नाशिकला आली, प्रशिक्षक विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली वर्षानुवर्षं पळाली. इथल्या हवेमुळे धावपटू घडतात असं म्हणणाऱ्यांनाही सांगते, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. केनियाचे धावपटू २००० मीटरच्या वर राहतात, विरळ हवेचा रक्तावर परिणाम होतो तो तिथे. आपल्याकडे हवेने काही केलेलं नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं उदाहरण तर मी प्रत्येक पालकाला देते. दुष्काळी गाव, नाव चालवायला पाणी कुठून आणणार! सैन्यात गेल्यावर त्याने वल्हं पहिल्यांदा हातात धरलं. रोइंगला लांब हातपाय लागतात, ते त्याच्याकडे होते. २०१६ ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि एकेरीत तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक. ती उंची आई-बापांकडूनच आली असणार. सैन्यात भरती झाला नसता तर त्या उंचीचं काय झालं असतं? जिल्ह्यात असे किती हातपाय कुठल्या मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत, हा विचार मला झोपू देत नाही. माझ्या मते आपल्याकडे जनुकं कमी नाहीत आणि मेहनतही कमी नाही. दहावी झाली की मुलींचा सराव बंद होतो, तिथे माणसं गळतात.

तेव्हा टेस्टचे पैसे बाजूला ठेवा आणि त्यातून मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय होता, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळलं, आणि शहरातल्या सुखवस्तू घरातल्या मुली त्यातून सुटलेल्या नाहीत. १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने सुरू करू नका. जेवणाबरोबर लिंबू पिळा आणि लगेच वर चहा देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. बूट मापाचे घ्या, ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे नको. आणि तिला निदान दोन हंगाम वेगवेगळे खेळ खेळू द्या, पळणं, उडी, फेकणं, सगळं. मग या विचारायला. तोवर माझ्या वहीत तिची टायमिंग आणि नाडीचे आकडे जमलेले असतील, आपण ते समोर ठेवून बोलू.